मायच्या मागचे दोन स्पीकर

तुमच्या घरात ज्या कॅसेटी आहेत, त्यांतल्या किती कॅसेटींत तुमच्या आईचा आवाज आहे? सिनेमाच्या गाण्यांच्या सोडा, घरी भरलेल्या म्हणते मी. बारशाच्या, लग्नाच्या, मुलांच्या पाठांतराच्या, कुणाच्या तरी भाषणाच्या. आणि तिचा आवाज असलाच, तर ती त्यात काय बोलते आहे?

उत्तर लगेच देऊ नका. मला कुणी विचारलं असतं तर मी छाती पुढे काढून सांगितलं असतं की आमचं घर तसलं नाही. आमच्या घरात बायकांच्या हक्कांबद्दल रोज बोललं जातं. ते खरंही होतं. रोज बोललं जात होतं.

मी पत्रकांवर वाढले. गुजरातेत बमरोलीच्या कापडमागांच्या वस्तीतल्या आमच्या खोलीत फळीवर पत्रकं अंथरलेली, पिठाच्या डब्याखाली पत्रकं, माझ्या वह्यांना पत्रकांची कव्हरं, आणि गणितं सोडवायची ती पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूला. गुलाबी कागद म्हणजे सभा, पिवळा म्हणजे निषेध, पांढरा म्हणजे वर्गणी कमी पडली. शाळेत बाई फळ्यावर 'कमळ' लिहीत होत्या तेव्हा मला 'जाहीर' आणि 'धिक्कार' वाचता येत होतं. शाळेतल्या पुस्तकातली माणसं हळू बोलत, म्हणून ती मला खोटी वाटत.

घरात आम्ही अहिराणी बोलायचो. पण पत्रकाची मराठी वेगळी, शाळेची वेगळी. मी घरी 'माय' म्हणत असे आणि निबंधात 'माझी आई' लिहीत असे. हा बदल मला कुणी शिकवला नाही, मी तो आपोआप केला. इथे मात्र मी माय असंच लिहिणार आहे.

पत्रकं बाबा लिहीत. आधी ते मिलमध्ये होते. तिथून कमी केल्यावर ड्रायव्हर झाले, आणि पुढे त्यांच्या शेठनं नवी गाडी घेतली तेव्हा शेठची जुनी डिझेल गाडी बाबांनी स्वतःची करून घेतली. ती ते वर्दीवर चालवत. वर्दी म्हणजे भाड्याची फेरी. कुणाला नवापूरला लग्नाला न्यायचं, कुणाला गडावर दर्शनाला, कुणाला रात्रीतून गावी मयताला. डिकीत स्टेपनीच्या शेजारी पत्रकांचा गठ्ठा कायम असायचा. वस्तीतले नवे ड्रायव्हर बाबांकडे प्रश्न घेऊन येत. सकाळी गाडी सुरू का होत नाही, हॉर्न दाबला की लाइट मंद का होतात, ब्रेक एका बाजूला का ओढतो. बाबा उत्तर देत आणि उत्तराबरोबर एक पत्रक देत. बॅटरीचं पाणी तपासा आणि रविवारी सभेला या.

माय साड्यांना चमचमत्या टिक्या चिकटवायची. ठेकेदाराचा माणूस साड्यांचं गाठोडं टाकून जाई, माय भिंतीला पाठ लावून बसे आणि काडीने गोंदाचा थेंब ठेवून त्यावर टिकी बसवी. तिच्या बोटांवर गोंद वाळून त्याचा पापुद्रा होई. बसल्या बसल्या तो सोलायची तिला सवय होती. आमच्या गल्लीतल्या बहुतेक बायांच्या बोटांवर तो पापुद्रा होता.

एका पत्रकाचा विषय याच बाया होत्या. ठेकेदार माल नापास करतो आणि नापास केलेला माल परतही देत नाही, यावर बाबांनी फार चांगलं लिहिलं होतं. आजही मला ते चांगलंच वाटतं. पण अडचण अशी झाली की ज्यांच्यासाठी लिहिलं त्या बहुतेकींना वाचता येत नव्हतं. ज्या पोरींना येत होतं त्या गुजराती शाळेत गेलेल्या, मराठी वाचताना अडखळत. बाया पत्रक घेत, घडी घालत आणि भाकरीच्या टोपल्यात तळाला घालत.

तेव्हा बाबांना कल्पना सुचली. पत्रक बोलतं करायचं. कॅसेटवर भरायचं आणि घरोघर वाजवायचं. ते मोठ्यानं वाचण्यासाठी त्यांनी मला निवडलं, कारण वस्तीत माझी मराठी सर्वांत शुद्ध होती असं सगळे म्हणत. मीही म्हणत असे.

सुट्टीच्या दिवशी, आजूबाजूचे माग बंद असताना, आम्ही ते भरलं. एरवी आमच्याकडे खटखटाटात माणसाला माणूस ऐकू येत नाही. दाराला गोधडी लावली, पंखा बंद केला, टेपरेकॉर्डर पाटावर ठेवला. बाबा मशीनजवळ बसले. माय कोपऱ्यात टिक्या चिकटवत होती. त्या कामाचा आवाज होत नाही, म्हणून तिला बाहेर जायला सांगितलं नव्हतं. त्या दिवसाचं मला एवढंच आठवत होतं की मी कुठेही अडखळले नाही.

कॅसेट गल्लीत गाजली. चहाच्या टपरीवर लागली, बुद्धविहारासमोरच्या ओट्यावर लागली. बाया म्हणाल्या, "पोरगी काय बोलते! बापाच्या वरताण." मी चालताना जरा सावकाश चालू लागले, म्हणजे लोकांना मला बघायला वेळ मिळावा. विहारासमोर टिकी काम करणाऱ्या बायांची मोठी बैठक ठरली आणि तिच्यासाठी कॅसेटच्या आणखी प्रती काढायचं बाबांनी कबूल केलं. कडोदऱ्यापासून बाया येणार होत्या, म्हणून प्रत्येक गल्लीला एक तरी कॅसेट जायला हवी होती.

त्याच सुमारास डेकचं प्रकरण उभं राहिलं.

बाबांच्या गाडीत जुना टेप होता. त्याला एकच स्पीकर, तोही फुटका. गिऱ्हाईक वर्दी ठरवताना आधी विचारायचं, "काका, टेप कसा आहे?" बाबा सांगायचे, "ब्रेक चांगले आहेत." गिऱ्हाईक हसून पुढच्या गाडीकडे जायचं. पुढची गाडी कोसाडच्या एका ड्रायव्हरची असायची. तो वयानं लहान, बाबांना दादा म्हणायचा, पाया पडायचा आणि बाबांच्या वर्द्या पळवायचा. त्याच्या गाडीत डेक होता, ॲम्प्लिफायर होता, मागे काचेखालच्या फळीवर दोन मोठे अंडाकृती स्पीकर होते. तो गल्लीत शिरला की आधी आमच्या ताटल्या थरथरायच्या, मग गाडी दिसायची.

"गाडी चालवायला इंजिन लागतं, नाचगाणं नाही," असं बाबा बरेच दिवस म्हणाले. मग एक दिवस जेवताना म्हणाले, "प्रवासी गाडीत बसला की नवापूरपर्यंत उतरत नाही."

"मग?" मी म्हटलं.

"सभेतून माणूस उठून जातो. धावत्या गाडीतून कुठे जाणार?"

मला ते एकदम पटलं. आजही पटतं आणि हसूही येतं. डेक ही चैन नव्हती, प्रचाराचं साधन होतं. आमच्या घरात कुठलीही वस्तू आधी साधन व्हायची आणि मगच उंबरा ओलांडायची.

उधना दरवाज्याच्या बाजूला मोटारीच्या सामानाची दुकानं रांगेनं आहेत. त्यांतल्या एकात आम्ही गेलो. परतताना बाजार करायचा होता म्हणून मायही आली. ती गाडीतच बसून राहिली, मागच्या सीटवर, मधोमध. दुकानातला मिस्त्री मोठा बोलका होता. तोंडात मावा, हातात टेस्टर, आणि स्वतःच्या कामावर इतका खूश की तार जोडतानाही रस्त्यावरच्या माणसांना बोलावून दाखवायचा. कोसाडचा ड्रायव्हरही तिथेच निघाला. त्याच्या गाडीची काही तक्रार होती.

"मिस्त्री, रेस देता हूं तो स्पीकर सीटी मारता है."

"तेरे को देखके मारता होगा."

"मजाक छोडो यार."

"अर्थ का वायर रंग के ऊपर कसा है तूने. रंग खुरच, नंगे पत्रे पे कस. सीटी बंद."

बाबांनीही आपली शंका काढली. "रातभर में बॅटरी नहीं उतरेगी ना?"

"चाबी बंद तो डेक बंद, काका. एक पतला वायर चालू रहेगा, घडी के वास्ते. उतना तो मच्छर भी पी जाता है."

कोसाडचा ड्रायव्हर बाबांकडे वळला. "दादा, शेवटी तुम्ही बी आलेत आमच्या लाइनमा! आता ब्रेक खराब करी टाका म्हणजे बराबरी होई."

बाबा हसले. ते त्या दिवशी खुशीत होते. मिस्त्रीनं डॅशबोर्डवर दोन्ही टोकांना बारके ट्वीटर बसवले, बारीक आवाज तिथून येतो म्हणून सांगितलं. मागच्या फळीला भोकं पाडून अंडाकृती स्पीकर बसवले, ते बरोबर मायच्या डोक्यामागे, एक डावीकडे, एक उजवीकडे. सीटखाली ॲम्प्लिफायर गेला. डेकची निळी पट्टी लागली तेव्हा मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"कोई कॅसेट दो," मिस्त्री म्हणाला. "एकदम फुल पब्लिकवाली."

कोसाडच्या ड्रायव्हरनं खिशातून गाण्यांची काढली. बाबा म्हणाले, "रख. मेरे पास है." आणि त्यांनी डिकीतून बोलतं पत्रक आणून मिस्त्रीच्या हातात दिलं.

"माझ्या बहिणींनो!"

मी स्वतःला इतकं मोठ्यानं कधीच ऐकलं नव्हतं. आवाज गाडीच्या चारी दारांतून बाहेर पडला. शेजारच्या सीटकव्हरच्या दुकानातला माणूस हातातली सुई धरून बाहेर आला. "ये कौन नेता है?" कुणी तरी विचारलं. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मेरी बेटी." मिस्त्री म्हणाला, "अरे वाह, टीव्ही पे समाचार पढेगी." मी जमिनीकडे पाहत होते, पण कान आणि मान दोन्ही ताठ होते.

पत्रकात एक परिच्छेद संपतो आणि पान उलटतं, तिथे मी थांबले होते. आमच्या घरच्या मशीनवर त्या जागी फक्त घरघर ऐकू येई. नव्या डेकवर त्या जागी आधी बांगड्या वाजल्या. मग माय बोलली.

"माले बी येक सांगनं शे."

मलाही एक सांगायचं आहे. हळूच म्हणालेली, पण अगदी स्वच्छ. तिनं काडी वाटीच्या कडेला टेकवली तेही कळलं. लगेच बाबांचा आवाज, मशीनच्या जवळून, दातांतून.

"उगी ऱ्हाय! टेप चालू शे. तुनं काय काम शे आठे?"

गप्प बस, तुझं काय काम आहे इथे. आणि त्यानंतर एक श्वासही न दवडता माझा खणखणीत, शुद्ध आवाज: "आपलं म्हणणं आपणच मांडलं पाहिजे!"

आता मी इथे खरं लिहिणार. मला सर्वांत आधी लाज वाटली ती मायची. माझ्या भाषणात तिची बांगडी वाजली याची. माझ्या मराठीत तिची अहिराणी घुसली याची. चांगला फोटो काढताना मागून कुणी तरी घरच्या लुगड्यात डोकावावं, तसं मला झालं. बाबांची लाज दुसरी आली. स्वतःची फार उशिरा.

कोसाडचा ड्रायव्हर आमच्याकडचाच, त्याला शब्दन् शब्द कळला. तो गाडीच्या टपावर हात आपटून हसायला लागला. "दादा, भाषण तं झकास शे! पन वहिनीचा माईक कापी टाका का?"

मिस्त्रीला अहिराणी कळत नव्हती. त्याला वाटलं त्याच्या फिटिंगचं कौतुक चाललंय. "देखा साउंड? चूडी तक सुनाई देती है!" असं म्हणून त्यानं कॅसेट मागे घेतली आणि परत लावली. बांगड्या. माले बी येक सांगनं शे. उगी ऱ्हाय. आपलं म्हणणं आपणच मांडलं पाहिजे. सीटकव्हरवाला म्हणाला, काय काय, मला ऐकू द्या. मिस्त्रीनं परत मागे घेतली आणि परत लावली. "ये ट्वीटर का कमाल है. सुनो चूडी."

मी गाडीत पाहिलं. माय समोर बघत होती. तिचाच आवाज तिच्या डोक्यामागून दोन्ही बाजूंनी येत होता आणि ती मान वळवत नव्हती. ती बोटावरचा गोंद सोलत होती. बोटावर गोंद उरला नव्हता तरी सोलत होती.

"मशीनमध्ये बिघाड आहे," बाबा म्हणाले. मग मिस्त्रीला कळावं म्हणून हिंदीत, "आवाज फट रहा है. बारीक आवाज कम करो."

"फट नहीं रहा काका, साफ आ रहा है."

"कम करो."

मिस्त्रीनं ट्रेबलची कळ फिरवली. "इतना कम करूंगा तो बेटी भी दब जाएगी."

कळ शून्यावर गेली. माझा आवाज गोधडीखालून आल्यासारखा झाला. मायचा तर गेलाच. बाबा म्हणाले, "बस. ऐसाही रखो." त्यांचं तोंड मी त्याआधी एकदाच तसं पाहिलं होतं, मिलमधून कमी केल्याचं सांगायला घरी आले होते तेव्हा.

बाजाराला आम्ही गेलो नाही. उधन्याच्या फाटकापाशी माय फक्त म्हणाली, "कोथिंबीर तरी लेनी व्हती." बाबांनी गाडी थांबवली नाही. बहुधा ऐकू गेलं नसेल. हेही मी बाबांच्या बाजूनं लिहिते आहे.

घरी आल्यावर मी बाबांवर तुटून पडले. त्यांचीच पत्रकं त्यांना ऐकवली. गुलाबीतलं वाक्य, पिवळ्यातलं वाक्य, मला सगळी पाठ होती. म्हटलं, ही कॅसेट बायांच्या बैठकीत जाणार असेल तर मी विहारासमोर उभी राहून सांगेन की ती वाजवू नका.

"जाणार नाही," बाबा म्हणाले. "पुन्हा भरू. त्या वेळी हिला शेजारी पाठव."

"शेजारी? पत्रक हिच्यावर आहे, बाबा! टिक्या ही चिकटवते!"

"मग तीच बोलू दे. घे, बोलव तिला." त्यांनी टेपरेकॉर्डर पाटावर ठेवला आणि बादली घेऊन गाडी धुवायला बाहेर गेले. नुकती धुतलेली गाडी.

माय तिच्या जागी बसली होती, नवं गाठोडं सोडून. मी मशीन तिच्यासमोर सरकवलं. कोरी कॅसेट नव्हती, म्हणून तीच लावली, दुसरी बाजू. दोन्ही कळा एकदम दाबल्या. लाल दिवा लागला.

"बोल."

"काय बोलू?"

"त्या दिवशी जे सांगायचं होतं ते."

"कोनता दिन?"

"भरत होतो त्या दिवशी. तू म्हणालीस ना, माले बी येक सांगनं शे. ते काय होतं?"

तिनं लाल दिव्याकडे पाहिलं. मग साडीकडे. एक टिकी बसवली, काडीने दाबली. "माले आते याद नही."

"आठव."

"नही आठवत, बेटा. पानी उनं व्हई. तेच सांगनं व्हई."

नळाला पाणी आलं असेल, तेच सांगायचं असेल. पण पाणी आलं तर कुणी 'मलाही एक सांगायचं आहे' म्हणत नाही. पाणी आलं तर माणूस बादली उचलतो. हे मला कळत होतं आणि तिलाही कळत होतं की मला कळतंय.

"आठव ना! असंच असतं! तुमच्यासारख्या बाया गप्प बसतात म्हणूनच तो ठेकेदार... बोल, माय! स्वतःचं म्हणणं स्वतः मांडायला शीक!"

मी ओरडत होते. एक हात वर गेला होता, ओट्यावर जातो तसा. मायनं माझ्या हाताकडे पाहिलं.

"तू बी तुना बापसारखीच बोलस," ती म्हणाली. रागानं नाही. कुणाचं नाक कुणावर गेलंय हे सांगावं तसं. "घरमा बी सभा."

मग तिनं स्वतःच हात पुढे करून मशीन बंद केलं. "सेल उतरतीन," म्हणाली.

त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला हे सगळं आहे. मी ते एकदा ऐकलं आहे. बाबांचं 'उगी ऱ्हाय' आणि माझं 'बोल' एकामागून एक ऐका. शब्द उलटे आहेत, आवाज तोच आहे. एकानं गप्प बसायचा हुकूम दिला, दुसरीनं बोलायचा दिला. मधे टिकी दाबल्याचा आवाज आहे, पण तो ऐकायला चांगलं मशीन लागतं.

बैठक झाली. बाया आल्या, कडोदऱ्याच्याही आल्या. कॅसेट का नाही, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाबांनी मशीन बिघडल्याचं सांगितलं आणि पत्रक स्वतः वाचून दाखवलं. चांगलं वाचलं. माय मागे बसली होती, मांडीवर साडी घेऊन. तिला बोलायला सांगा, असं मी बाबांना म्हणाले नाही. सांगितलं असतं तर तो तिसरा हुकूम झाला असता. पण दुसरं काय करायचं असतं, हेही मला माहीत नव्हतं. सभा कशी घ्यायची, ठराव कसा मांडायचा, मोर्चात पुढे कुणी चालायचं, हे सगळं पत्रकांत होतं. माणसाला एखादी गोष्ट विचारायची कशी आणि विचारून झाल्यावर काय करायचं, यावर आमच्या घरात एकही पत्रक नव्हतं.

डेक मात्र कामी आला. वर्द्या परत मिळू लागल्या. गाडीत सिनेमाची गाणी वाजू लागली, नवापूरपर्यंत, गडापर्यंत. बाबांनी बोलतं पत्रक कुठल्याही प्रवाशाला ऐकवलं नाही. ट्रेबलची कळ बरेच दिवस शून्यावरच होती. गिऱ्हाइकं म्हणायची, काका, गाणं दबलंय. बाबा म्हणायचे, डेकच तसा आहे. कोसाडच्या ड्रायव्हरनं एकदा आपणहून हात घालून ती कळ सरळ केली आणि या खेपेला काही बोलला नाही. मनानं तो वाईट नव्हता.

पुढच्या लग्नसराईत आम्ही आमच्याच गाडीनं गावी निघालो. पुढे बाबा आणि मी, मागे माय, त्याच जागी, दोन स्पीकरच्या मधे. बाबांनी चावी फिरवली. निळी पट्टी लागली. ते कॅसेटींच्या खणात हात घालून थांबले.

"काय लावू?"

मला वाटलं मला विचारतायत. मी गाणं सांगणार एवढ्यात लक्षात आलं की ते आरशात बघतायत. मी त्यांना मायला काही विचारताना त्याआधी पाहिलंच नव्हतं, जेवण झालं का, ठेकेदाराचा माणूस आला का, याखेरीज. मायलाही कळायला वेळ लागला. तिनं मागे वळून स्पीकरकडे पाहिलं, जणू त्यालाच विचारलं असावं.

"काही लावू नका," ती म्हणाली. "थोडा येळ उगी ऱ्हावा."

बाबांनी डेक बंद केला. कडोदरा गेलं, बारडोली गेली, कुणी बोललं नाही. मी आयुष्यात एवढा वेळ कधी गप्प बसले नव्हते. तोंडात वाक्यं येत होती, तयार, छापल्यासारखी, आणि मी ती गिळत होते. बाबांनी तर हॉर्नही जपून वाजवला. व्यारा मागे पडल्यावर रस्त्याच्या कडेला महूची, म्हणजे मोहाची, झाडं लागली, खाली फुलं पडलेली, आणि माय आपणहून बोलायला लागली. ती लहान असताना पहाटे महू वेचायला जायची, तेव्हाचं काही तरी. सोनगड येईपर्यंत ती सांगत होती. तिनं काय सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

पण टेप चालू असताना जे एक सांगायचं होतं, ते त्यात नव्हतं. ते मला अजून माहीत नाही. मी परत विचारलं, ओरडून नाही, आणि तिनं परत सांगितलं की आठवत नाही. आता मला वाटतं ते खरंच गेलं असेल. कदाचित ठेकेदाराबद्दल असेल. कदाचित माझं वाचन आवडलं एवढंच असेल. कदाचित तिला कॅसेटवर आपलाही आवाज हवा असेल. ती कॅसेट माझ्याकडे आहे. पत्रकं लिहायला मीही लागले आहे. प्रत्येक पत्रक लिहून झालं की तिची बांगडी वाजते ती जागा आठवते, आणि कान गरम होतात.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. हे वाचून झालं की सभा घेऊ नका, ठराव करू नका. घरी भरलेली एक जुनी कॅसेट शोधून काढा. चांगल्या मशीनवर लावा. नसेल तर ओळखीच्या एखाद्या ड्रायव्हरच्या गाडीत जाऊन बसा आणि बारीक आवाजाची कळ पूर्ण वर करा. ज्याचं भाषण आहे, ज्याचं गाणं आहे, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, त्याच्या मागे काय आहे ते ऐका. कुणाला तरी गप्प केलेलं ऐकू येईल तिथे कॅसेट थांबवा. मग ती जिथे असेल तिथे जा, ओट्यापाशी, नळापाशी, मागच्या सीटवर, आणि तिला विचारा की तेव्हा तुला काय सांगायचं होतं. रेकॉर्डची कळ दाबू नका. एकदाच विचारा आणि तिच्याजवळ बसून राहा. ती म्हणेल, आठवत नाही. तरी उठू नका.